फीडर चालू आहे

वीज गेली की आमच्या वाड्यावरून कुणीतरी उपकेंद्राला फोन लावतो आणि पलीकडून उत्तर येते, "फीडर चालू आहे." हे उत्तर आता वाड्यावरच्या पोरांनाही पाठ झाले आहे. उत्तर देणारा माणूस खोटे बोलत नसतो. त्याच्यासमोरच्या पॅनेलवर आमच्या ११ केव्ही (११ हजार व्होल्ट) फीडरचा, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या मुख्य वाहिनीचा, ब्रेकर चालू दिसत असतो, अँपिअरचे आकडे हलत असतात, नोंदवहीत लिहावे असे काही घडलेले नसते. आणि तरीही गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या डोंगराला टेकलेल्या आमच्या वाड्यावर काळोख असतो, कारण उपकेंद्रापासून आमच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंतच्या वाटेवर कुठेतरी एक डीओ (ड्रॉप-आउट) फ्यूज सुटून खाली लोंबत असतो किंवा खांबावरचा एखादा जंप, म्हणजे दोन तारा जोडणारा तुकडा, जळून तुटलेला असतो.

फीडर चालू आणि गाव बंद, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असतात. ग्रामीण वीजजाळे सुधारायचे म्हणजे नेमके काय करायचे, याबद्दल मला जे म्हणायचे आहे ते या दोन विधानांच्या मधल्या काही किलोमीटरांबद्दल आहे.

गोव्याची स्वतःची म्हणावी अशी वीज जवळजवळ नाहीच. छत्तीसगडमधले कोरबा, मध्य प्रदेशातले विंध्याचल, तेलंगणातले रामगुंडम अशा केंद्रीय प्रकल्पांतून आपला वाटा येतो. कोरबा ते गोवा हे अंतर सरळ रेषेत मोजले तरी हजार किलोमीटरहून जास्त भरते. त्यातली बरीचशी वीज ४०० केव्हीच्या वाहिन्यांवरून बार्देशात कोलवाळच्या केंद्रात उतरते. तिथून पुढे एकेक पायरी उतरत ती ३३ आणि मग ११ केव्हीवर येते, आणि गावच्या ट्रान्सफॉर्मरमधून ४१५ व्होल्टची होऊन घराघरांत जाते. एवढा डोंगर-पठारांचा प्रवास सुखरूप करून आलेली वीज अडते ती बहुतेक वेळा शेवटच्या टप्प्यात, एखाद्या फणसाच्या फांदीपाशी. सीमेपलीकडच्या महाराष्ट्रातल्या आमच्या नातेवाइकांनी कित्येक वर्षे लोडशेडिंग सोसले. आमचे दुखणे त्या जातीचे नाही. आमच्या वाट्याची वीज आलेली असते, तालुक्याच्या उपकेंद्रात हजर असते, फक्त आमच्यापर्यंत पोचत नाही.

गोवा १९६१ साली मुक्त झाला, १९६३ मध्ये वीज खाते सुरू झाले आणि पुढच्या काही दशकांत खांब गावोगाव गेले. त्या वेळी काम एकच होते, जास्तीत जास्त वाड्यांवर दिवा पोचवणे. पैसा थोडा, रस्ते कच्चे, नद्यांवर पूल नाहीत. अशा वेळी मुख्य वाहिनीला फाटा काढायचा, त्या फाट्याला आणखी एक फाटा, आणि डोंगराच्या पायथ्याशी शेवटचा ट्रान्सफॉर्मर, असेच जाळे उभे राहते आणि त्यात चुकीचे काही नव्हते. कुळागरात पाटाचे पाणी जसे ओळीतल्या पहिल्या पोफळीपासून शेवटच्या पोफळीपर्यंत एकाच चरातून जाते, तशी ही रचना. वर कुठेही चर फुटला की खालच्या सगळ्या झाडांचे पाणी बंद, आणि चर धड असला तरी शेवटच्या झाडाला मिळते ते सगळ्यांचे भागून उरलेले. फरक इतकाच की तेव्हा त्या शेवटच्या टोकाला घरटी दोन बल्ब होते आणि आता फ्रिज, पाण्याचे पंप, मिक्सर, पोरांचे लॅपटॉप आहेत. तार मात्र बहुतेक जागी तीच.

तारेबद्दल मला जे थोडेफार कळते ते मामांमुळे. मामा लाइनमन होते, निवृत्त होऊन आता बरीच वर्षे झाली. त्यांच्या तोंडी तारांची नावे प्राण्यांची असायची. ॲल्युमिनियमच्या पिळाच्या मधोमध पोलादी तार असलेल्या या वाहकांना ब्रिटिश पद्धतीने प्राण्यांची नावे आहेत: वीझल म्हणजे ३० चौरस मिलिमीटरची बारीक तार, रॅबिट ५० ची, डॉग १०० ची. "वीझल काढून रॅबिट ओढली पाहिजे," असे मामा जेवताना म्हणायचे आणि आम्ही पोरे हसायचो. आज आमच्या फाट्यावरून वर बघते तेव्हा त्या वाक्याचा अर्थ नीट लागतो. मुख्य वाहिनीवर जाड तार आहे, आमच्याकडे वळताना ती बारीक होते, आणि अगदी शेवटच्या फाट्यावर वीझलच आहे.

एका जुलैच्या रात्री मी त्यांच्याबरोबर फाट्याच्या तोंडापर्यंत गेले होते. त्या रात्री उपकेंद्रातला ब्रेकरच ट्रिप होत होता, म्हणजे पाच-सहा गावे एकदम काळोखात. पाऊस नुसता ओतत होता. मामांनी खांबावरचा एबी (एअर ब्रेक) स्विच खाली ओढून आमचा फाटा तोडला आणि उपकेंद्राला फोन केला, "आता ट्राय घे." तिकडून ब्रेकर चढवला. टिकला. रस्त्यापलीकडची गावे उजळली. म्हणजे दोष आमच्याच बाजूला. मग पुढच्या स्विचपर्यंत चालायचे, तो तोडायचा, मागचा जोडायचा, पुन्हा ट्राय. अशा पद्धतीने दोष दोन खांबांच्या मध्ये कोंडत न्यायचा. सोबतचा मदतनीस टॉर्च वर धरून एकेक खांब बघत होता. झाड पडलेले नव्हते, तार तुटलेली नव्हती, डोळ्यांना काहीच दिसत नव्हते.

मामांनी टॉर्च बंद करायला सांगितला. "अगो बाय, उजेडात दिसायचे नाही ते." पुन्हा ट्राय घ्यायला सांगून ते काळोखात वर बघत उभे राहिले. एका खांबाच्या पिन इन्सुलेटरपाशी क्षणभर निळसर ठिणगी सरकली आणि ब्रेकर गेला. तारेला खांबापासून वेगळे ठेवणाऱ्या चिनी मातीच्या त्या इन्सुलेटरला केसाएवढी चीर होती. कोरड्या दिवसात ती चीर कुणाला दिसत नाही आणि काही करतही नाही. पाणी झिरपले की तीच चीर तारेतला प्रवाह लोखंडी आडव्या पट्टीवर उतरवते. सकाळी ऊन पडले की दोष गायब, संध्याकाळी सर आली की पुन्हा हजर. लाइन क्लिअर, म्हणजे लाइन बंद ठेवल्याची उपकेंद्राची हमी, घेऊन आणि काम करायच्या जागेच्या दोन्ही अंगांनी तार जमिनीशी जोडून 'अर्थ' बांधल्याशिवाय मामांनी शिडीला पाय लावला नाही. इन्सुलेटर बदलायला फार वेळ लागला नाही. सगळी रात्र गेली ती चीर शोधण्यात.

वीजपुरवठ्याच्या चर्चेत हा वेळ कुणी वेगळा मोजत नाही. माझ्या मते सगळ्यात आधी तोच मोजायला हवा. वीज गेल्यापासून येईपर्यंतच्या काळात दुरुस्तीचा वाटा थोडा असतो, दोष कुठे आहे हे कळण्याचा वाटा मोठा. आता यासाठी साधने आहेत आणि ती फार दुर्मीळही राहिलेली नाहीत. फाट्याच्या तोंडाशी फॉल्ट पॅसेज इंडिकेटर लावला तर दोषाचा प्रवाह त्या बाजूला गेला की त्याचा दिवा लुकलुकतो, लाइनमनला डावीकडे जावे की उजवीकडे हे रस्त्यावरूनच कळते. वाहिनीच्या मध्यावर ऑटो रिक्लोजर बसवला तर तो पुढच्या भागातला दोष तिथेच तोडतो, थोड्या सेकंदांनी आपोआप पुन्हा जोडून बघतो, आणि दोष खरोखरच टिकाऊ असेल तेव्हाच कायमचा बंद होतो. उघड्या तारांवरचे बहुतेक दोष क्षणिक असतात: वाऱ्याने टेकलेली फांदी, वटवाघूळ, विजेचा कडकडाट. अशा दोषासाठी आज माणूस पाठवावा लागतो, कारण डीओ फ्यूज एकदा सुटला की तो परत बसवायला लांब काठी घेऊन कुणीतरी यावेच लागते. रिक्लोजर असेल तर त्या वेळात दिवा एकदा मिचकावून परत लागतो. मागच्या गावांना तर आमच्याकडे काही घडल्याचे कळतही नाही.

झाडांबद्दल थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण आमच्याकडे प्रत्येक खंडित पुरवठ्याचा आरोपी झाड असते. सत्तरीत झाडाशिवाय खांब उभा करायला जागा नाही. पोफळ, माड, फणस, भिरंड, काजू यांच्यावर इथली घरे जगतात. पावसाळ्याआधी छाटणी होते ती गरजेची आहेच, पण अनेकदा ती तारेच्या बाजूने झाडाचा निम्मा डोलारा उतरवून मोकळी होते. एका अंगाचे वजन गेलेले झाड दुसऱ्या अंगाला कलते आणि दोन-तीन पावसाळ्यांत मुळासकट आडवे होते. झाड कुठून आणि किती उतरवायचे हे गावातला पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ उतरवणारा, सांगू शकतो. त्याला विचारायची पद्धत नाही, ती पडली पाहिजे.

आणि मुळात उघडी तार रानातून नेण्याचा आग्रह आता सोडायला हवा. आवरण असलेले वाहक आहेत, तिन्ही फेज एकमेकांत पिळून आधाराच्या तारेवर टांगलेल्या एबी (एरियल बंच्ड) केबल आहेत. त्यांना फांदी घासली म्हणून लगेच वीज जात नाही, आणि केबल रस्त्याच्या कडेने नेली तर छाटणीही फार कमी लागते. म्हादई अभयारण्याच्या हद्दीतल्या वाड्यांसाठी तर मला दुसरा मार्ग दिसत नाही. १९९९ साली घोषित झालेल्या या अभयारण्यात माणसे राहतात, शेकरूही राहते, आणि उघडी तार दोघांनाही धोक्याची. अर्थात केबल म्हणजे वरदान नव्हे. वर्षानुवर्षे एकाच जागी फांदी घासत राहिली तर आवरण फाटते, आणि मग आतला दोष बाहेरून दिसत नाही. चिरलेला इन्सुलेटर निदान ठिणगी तरी दाखवतो.

भूमिगत केबलची मागणी ग्रामसभेत दर वेळी होते. किनारपट्टीवर, शहरांत, गेल्या काही वर्षांत अशी कामे बरीच झाली आहेत, आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने इन्सुलेटरवर मिठाचा थर चढतो तिथे ती योग्यही आहेत. आमच्या उतारावर माझे मन साशंक आहे. खाली अखंड चिरा, म्हणजे जांभा दगड. चर खणायचा म्हणजे दगड फोडायचा. खर्च उघड्या तारेच्या अनेक पट. जमिनीखालचा दोष क्वचित होतो हे खरे, पण झाला की शोधायला खास यंत्राची गाडी लागते, आणि भर पावसात पाण्याने भरलेल्या खड्ड्यात केबलला जोड मारणे हे काम काही तासांचे राहत नाही. एवढ्या पैशात अर्ध्या गावाची केबल पुरण्यापेक्षा सगळ्या फाट्यांना आवरणाचा वाहक मिळावा, असे मी ग्रामसभेत बोलले तेव्हा काहींना ते आवडले नाही. मत मात्र तेच आहे.

चिऱ्याचा विषय निघालाच आहे तर एक धोका सांगते. हा दगड उन्हाळ्यात कोरडा ठाक झाला की वीज सहज जमिनीत जाऊ देत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगच्या खड्ड्यात म्हणूनच एप्रिल-मे महिन्यात पाणी ओतावे लागते. तार तुटून अशा जमिनीवर पडली तर जमिनीत जाणारा प्रवाह इतका थोडा असू शकतो की फ्यूज उडतच नाही. तार जमिनीवर पडलेली आणि जिवंत. गुरे चरायला सोडण्याच्या वेळी पहाटे वाटेवर पडलेली तार दिसली की लोकांना वाटते, पडली म्हणजे मेली. ती मेलेली आहे असे धरून चालणे जिवावर बेतते. माहीतगार माणूस येईपर्यंत तिच्या आसपास कुणालाही जाऊ देऊ नये, काठीनेही हात लावू नये. जाळे सुधारताना अर्थिंगवर खर्च दिसत नाही, उद्घाटनाला फीत कापायला ती जागा नाही, पण माणसे आणि जनावरे वाचतात ती तिथे.

आता कमी दाबाचे दुखणे. वीज असते, पण कुळागरातला पंप गुरगुरतो आणि उचलत नाही. घरगुती पुरवठा २३० व्होल्टच्या वरखाली ६ टक्के, म्हणजे साधारण २१६ ते २४४ च्या दरम्यान असायला हवा. आमच्याकडे संध्याकाळी सगळ्यांचे पंप आणि दिवे एकदम लागले की मल्टिमीटरवर त्याहून बराच खालचा आकडा दिसतो, आणि अशात मोटर जास्त प्रवाह ओढून तापते, वाइंडिंग जळते. कारण सरळ आहे. ट्रान्सफॉर्मर गावाच्या एका तोंडाला आणि तिथून ४१५ व्होल्टची लांबच लांब लाइन दुसऱ्या टोकाला. तीच शक्ती ११,००० व्होल्टवर न्यायची तर प्रवाह सव्वीसपटीहूनही कमी लागतो, आणि तारेतली गळती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून ११ केव्हीची लाइन गावात आतपर्यंत आणायची आणि एका मोठ्या ट्रान्सफॉर्मरऐवजी दहा-पंधरा घरांना एक याप्रमाणे छोटे ट्रान्सफॉर्मर बसवायचे. एक बिघडला तर दहा-पंधरा घरेच जातात. नव्या पंपासाठी अनुदान देण्याच्या आधी हे करावे, म्हणजे जुनेच पंप चालतील.

मे २०२१ मधले तौक्ते वादळ विसरता येत नाही. १६ मे च्या सुमारास ते गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, राज्यभर झाडे आणि खांब कोसळले. आमच्या वाड्यावर कित्येक दिवस वीज नव्हती. तो करोनाच्या दुसऱ्या लाटेचा महिना. शेजारच्या काकी दवाखान्यातून घरी आल्या होत्या आणि त्यांच्यासाठी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणलेला. पाच लिटरचे ते यंत्र तीनशे-चारशे वॅट खाते. त्यांच्या घरी इन्व्हर्टर होता, दीडशे अँपिअर-तासाच्या एका बॅटरीचा. पंखा-दिव्याला तो रात्रभर पुरतो, यंत्राला जेमतेम तीन-चार तास. त्यांचा मुलगा कागदावर हिशोब मांडत बसला होता आणि उत्तर दर वेळी तेच येत होते. शेवटी गावातल्या एकाच्या टेम्पोची बॅटरी, दुसऱ्याच्या घरचा इन्व्हर्टर असे जोडत रात्र काढली आणि सकाळी काकींना जनरेटर असलेल्या नातेवाइकांकडे हलवले. त्या वाचल्या. तो कागद मी पाहिला आहे, पेन्सिलने वॅट आणि तास लिहून पुन:पुन्हा खोडलेला.

त्या दिवसांत आणखी एक गोष्ट कळली. वीज गेल्यावर काही तासांत मोबाइल टॉवरची बॅटरीही संपते. तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक देशभर आहे, पण फोनवर रेंजच नसेल तर तो लावायचा कुठून? नळाचे पाणी चढवणारे पंपही त्याच विजेवर. म्हणजे दिवा, पाणी आणि आवाज तिन्ही एकदम जातात, आणि ज्या गावाचे सगळ्यात जास्त बिघडले आहे त्याची तक्रार सगळ्यात शेवटी पोचते.

तेव्हापासून वाड्यावर इन्व्हर्टर वाढले, दोघांनी जनरेटर घेतले. ज्याला परवडते त्याने घ्यावा. पण जनरेटरला चेंजओव्हर स्विच, म्हणजे घर एका वेळी लाइनला किंवा जनरेटरला यांपैकी एकालाच जोडणारा स्विच, लावलाच पाहिजे, हे मी भेटेल त्याला सांगते. तो नसेल तर घरची वीज उलटी जाऊन गावच्या ट्रान्सफॉर्मरमधून ११ केव्ही होऊन लाइनवर चढते, आणि लाइन बंद आहे म्हणून खांबावर चढलेल्या माणसाचा जीव जातो. मामांचा दोन्ही अंगांनी अर्थ बांधण्याचा हट्ट याच भीतीतून आलेला. छतावर सोलर बसवलेल्या काहींना वाटले होते की आता वीज गेली तरी आपले चालेल. बॅटरी नसलेली, ग्रिडला जोडलेली यंत्रणा ग्रिड गेली की त्याच सुरक्षेसाठी स्वतः बंद पडते.

इन्व्हर्टरचा दुसरा परिणाम मला जास्त सलतो. ज्या घरांत तो आला त्या घरांतून फोन जायचे थांबले. ग्रामसभेत बोलणारी, अर्ज लिहिणारी माणसे बहुतेक त्याच घरांतली. उरलेल्यांनी मेणबत्ती लावायची आणि वाट बघायची.

आणि हे सगळे कागदावर कसे दिसते? पुरवठ्याची विश्वासार्हता मोजायला जगभर सैदी नावाचा निर्देशांक वापरतात: सगळ्या ग्राहकांची खंडित मिनिटे एकत्र करायची आणि एकूण ग्राहकसंख्येने भागायची. समजा एका फीडरवर २,००० ग्राहक आहेत आणि टोकाची ६० घरे १० तास काळोखात राहिली. ६० घरांची ६०० मिनिटे म्हणजे ३६,००० मिनिटे, भागिले २,०००. सरासरी आली १८ मिनिटे. अठरा मिनिटे कुणाच्याच वाट्याला आलेली नसतात. १,९४० घरांत वीज गेलीच नाही आणि ६० घरांत रात्र गेली. त्यात मोजणी उपकेंद्रातल्या ब्रेकरवरून होत असेल तर त्या साठ घरांची रात्र सरासरीतही शिरत नाही, कारण फीडर चालू होता.

देशपातळीवर पैसा नाही असे म्हणता येत नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्राने वितरण क्षेत्रासाठी सुधारित योजना आणली, आरडीएसएस, एकूण ३,०३,७५८ कोटींची. तिच्यात वाहिन्यांची कामे आहेत आणि स्मार्ट मीटरही. मीटरवरून गावोगाव वाद आहेत, बिल वाढेल ही भीती खोटी ठरवण्याची जबाबदारी ते बसवणाऱ्यांची. मला त्या मीटरकडून एक वेगळी अपेक्षा आहे. वीज जाताना तो शेवटचा संदेश पाठवू शकतो. निदान प्रत्येक ट्रान्सफॉर्मरवर असा एक मीटर असला आणि त्याची नोंद पंचायतीच्या फलकावर महिन्याला लागली, तर आमची रात्र मोजली जाईल. डिसेंबर २०२० च्या वीज ग्राहक हक्क नियमांत चोवीस तास पुरवठ्याची आणि सेवेत कसूर झाल्यास भरपाईची तरतूद आहे. पण भरपाई मागायला आधी वीज गेल्याचा पुरावा लागतो, आणि तो आमच्याकडे नसतो.

गोव्याने राज्य म्हणून दुसऱ्या वाटेचे महत्त्व केव्हाच ओळखले आहे. तमनार प्रकल्प म्हणून जो गाजला, त्याच्या मूळ नावातच गोव्याला ४०० केव्हीचा अतिरिक्त पुरवठा असा हेतू होता: एक वाट बंद पडली तर दुसरी असावी. मोलेच्या जंगलातून ती वाट नेण्याला लोकांनी विरोध केला. पुढे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवी वाहिनी आधीच्या २२० केव्ही वाहिनीच्या पट्ट्यातूनच न्यावी असे सांगितले. तो विरोध मला योग्य वाटला होता, आजही वाटतो. पण राज्याला दुसरी वाट हवी हा मुद्दा मला तेव्हाही पटत होता, माझा विरोध होता तो ती कुठून न्यायची याला. मग तोच न्याय फाट्याच्या टोकाला असलेल्या वाड्याला का लागू नसावा?

आमची दुसरी वाट डोंगरापलीकडे आहे. पलीकडच्या खोऱ्यात दुसऱ्या फीडरचा शेवटचा खांब आहे, आणि त्याच्या व आमच्या शेवटच्या खांबामध्ये जुन्या पायवाटेचा एक टप्पा. तिथे आवरणाचा वाहक ओढून मधे एक स्विच ठेवायचा, एरवी उघडा, म्हणजे जोड तोडलेला. आमच्या बाजूला दोष आला की खराब तुकडा दोन्हीकडून तोडायचा आणि उरलेल्या गावाला पलीकडून वीज द्यायची. शहरात रिंग मेन युनिट बसवून हेच करतात. इथे अडचण तारेची आहे. दोन्ही टोकांना वीझल असल्यामुळे नुसता जोड दिला तर पलीकडच्यांचाही दाब कोसळेल. आधी दोन्ही फाट्यांवरची तार बदलायची, मग जोड द्यायचा. मामा जेवताना म्हणायचे ते वाक्य इथे कामाच्या क्रमात पहिले येते.

आणि माणूस. रिक्लोजर, इंडिकेटर, जोड सगळे बसले तरी तो स्विच ओढायला डोंगर ओळखणारा लाइनमन हवा. निवृत्त झालेल्यांच्या जागा वेळेवर भरल्या जात नाहीत, कंत्राटी पोरे येतात, वाहिनी ओळखीची होईतो निघून जातात. त्यांना इन्सुलेटेड हातमोजे, रेनकोट आणि तार जमिनीशी जोडायचा डिस्चार्ज रॉड नसताना खांबावर चढवले जाते तेव्हा गावाने ते चालवून घेऊ नये. आपली वीज तासभर उशिरा आली तरी चालेल.

मागच्या ग्रामसभेत आम्ही हे लेखी दिले आहे: दोन्ही फाट्यांची तार, मध्यावर रिक्लोजर, डोंगरावरचा जोड, ट्रान्सफॉर्मरनिहाय नोंद. पाहणीला कनिष्ठ अभियंता येऊन गेला, पायवाटेने शेवटच्या खांबापर्यंत चालला, मोबाइलवर खांबांच्या जागा टिपल्या. वाटेतला वरचा तुकडा वन खात्याचा आहे, त्याची परवानगी वेगळी. खालच्या तुकड्यात तीन घरांचे काजू येतात. त्यातल्या कुठल्या फांद्या उतरवाव्या लागतील आणि त्याची भरपाई कशी धरायची, यावर त्या तिन्ही घरांशी बोलून यादी करायची आहे. पावसाळा संपला की डोंगरावर जाता येईल, तोवर ती यादी तयार हवी.